रेघेपलीकडचं पान

देव जीभ वाटायला बसला तेव्हा आपली लेक रांगेत दोनदा उभी राहिली असणार, असं त्या मुलीची आई म्हणायची. खोटं नव्हतं ते. कायद्याच्या वर्गात तिचं नाव पडलं होतं तोफ. एकदा बत्ती लागली की समोरच्यानं फक्त मान खाली घालायची.

आणि तिच्या शेजारच्या बाकावर जे गृहस्थ बसायचे, ते त्या वेळी बहुतेक बाहेर उभे राहून बाकीच्यांच्या पिशव्या सांभाळत असावेत. त्यांना सगळे काका म्हणायचे. वय त्रेपन्न. दिवसा एका थोरल्या वकिलांकडे कारकून, ते एकतीस वर्षं. आणि संध्याकाळी सहापासून कायद्याच्या शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी.

महाविद्यालय म्हणजे तरी काय, दिवसा लहान मुलांची शाळा भरायची त्या इमारतीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या चार खोल्या. भिंतीवर पाढे, फळ्याच्या वर कागदाची फुलपाखरं, आणि बाकं सात वर्षांच्या मुलांच्या मापाची. दिवसभराची नोकरी उरकून आलेली माणसं गुडघे हनुवटीला टेकवून त्या बाकांवर बसायची आणि करार कधी मोडतो ते शिकायची. कुणी बसचा कंडक्टर, कुणी बँकेतला, एक रुग्णालयातली नर्स. तोफ त्यांच्यात सगळ्यात धाकटी. दिवसा ती औषधांच्या दुकानात हिशेबाला बसायची, म्हणजे दिवसभर गप्प राहावं लागायचं, आणि ते सगळं साठलेलं संध्याकाळी बाहेर पडायचं.

काकांनी तिला पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट शिकवली होती. फाईल बांधायची.

"दोरा असा घे," ते म्हणाले होते. "ही गाठ एका ओढीत सुटली पाहिजे, पण आपणहून कधी सुटता कामा नये."

"काका, आजकाल क्लिपा मिळतात."

"क्लिपेला माणसाचा स्वभाव कळत नाही. चल, पानांवर आकडे घाल. वरच्या उजव्या कोपऱ्यात, आणि शाईनं."

"मी वकील होणार आहे, काका. आकडे घालायला का येतेय मी?"

"आकडे न घातलेला वकील म्हणजे चाव्या घरात ठेवून कुलूप लावलेला माणूस," काका म्हणाले आणि आपले आकडे घालत बसले.

तोफेला हसू यायचं. पण हळूहळू तिच्या लक्षात आलं, की वर्गात कुणालाही काही अडलं, कुठला अर्ज कुठे द्यायचा, कुठल्या खिडकीवर कोण बसतं, कुठला साहेब जेवणाआधी चिडतो आणि कुठला जेवणानंतर, की सगळे काकांकडे वळायचे. गाणाऱ्याच्या मागे उभं राहून आयुष्यभर साथ धरणारी माणसं असतात ना, तशातले ते. पद तोंडपाठ, पण सूर लावायचा तो दुसऱ्यानं. यांनी फक्त पुढची ओळ हळूच सुचवायची.

"मग हे मधेच पन्नाशीत वकील व्हायचं कुठून सुचलं?" एकदा जिन्यात तिनं विचारलंच. तिच्या पोटात प्रश्न फार वेळ राहत नसे.

काका पायरीवर थांबले. "आमचे वकीलसाहेब एकदा दुसऱ्या कोर्टात अडकले होते, आणि इकडे आमची केस पुकारली. एका म्हातारीच्या घराचा वाद होता. न्यायाधीशांनी विचारलं, हिच्या बाजूनं कुणी आहे का? मी होतो की. हातात फाईल, कागद न् कागद पाठ. पण कारकुनाला तिथे बोलायचा अधिकार नसतो. न्यायाधीश मिनिटभर थांबले आणि केस काढून टाकली."

"अरे देवा! मग?"

"मग काय, साहेबांनी अर्ज केला, केस परत आणली. म्हातारीचं घर राहिलं. पण त्या एका मिनिटात तिनं वळून माझ्याकडे पाहिलं होतं, बाळ. ते काही कुठल्या अर्जानं परत घेता आलं नाही."

तोफ त्यावर काही बोलली नाही. ही नोंद करून ठेवण्यासारखी घटना होती.

आता अडचण अशी, की ज्या तोंडासाठी काकांनी पन्नासाव्या वर्षी पुस्तक उघडलं, तेच तोंड ऐन वेळी कुलूप लावून बसायचं. लेखी परीक्षांत काका वरच्या नंबरात असत. पण शेवटच्या वर्षी अभिरूप न्यायालयाची परीक्षा असते. खोटं कोर्ट, खोटी केस, पण परीक्षक खरा. वर्षातून तीनदा सगळ्यांनी उभं राहून बाजू मांडायची. एकदा तरी पन्नास गुण मिळाले तर पास. पहिल्या खेपेला काका उभे राहिले, "माननीय न्यायालय" म्हणाले आणि पुढची अकरा मिनिटं फळ्यावरच्या फुलपाखरांकडे बघत राहिले. दुसऱ्या खेपेला "माननीय न्यायालय, पान क्रमांक एक" म्हणाले, पुढे होऊन ते पान अदबीनं परीक्षकांच्या टेबलावर ठेवलं आणि जागेवर येऊन बसले. वर्ग हसून लोटपोट झाला होता. काकाही हसले होते, पण घरी जाताना रोजच्या वळणावर वळायचं विसरून सरळच गेले, हे तोफेनं पाहिलं होतं.

तिसरी खेप शेवटची. नियमच तसा. त्यात नापास, तर नाव कमी. मग सगळे लेखी पेपर आणि तीन वर्षांच्या सगळ्या संध्याकाळी पाण्यात.

परीक्षेच्या चार दिवस आधी सरांनी चिठ्ठ्या काढल्या. कोण कुणाविरुद्ध. तोफेनं आपली चिठ्ठी उघडली आणि तिचा चेहरा उतरला. समोरची बाजू: काका.

सुटल्यावर ती त्यांच्या मागोमाग जिना उतरली. "काका, मी काय म्हणते, मी जरा बेतानंच बोलते. मला काय, साठ मिळाले तरी पुरे. तुम्हाला दोन वाक्यं बोलायला उसंत मिळेल."

काका तिच्यावर कधी रागावले नव्हते. त्या दिवशी रागावले.

"मला भीक घालतेस?"

"तसं नाही हो..."

"समोरचा नीट बोलला नाही तर मी उत्तर देऊ कुणाला? भिंतीला? तू मालकाची वकील आहेस. त्याची बाजू कमी मांडलीस तर तो गुन्हा आहे, खोट्या कोर्टातसुद्धा. शपथ घे."

"कुणाची?"

"तुझ्या जिभेची. तुझ्याकडे तेवढीच मौल्यवान वस्तू आहे."

तिनं शपथ घेतली.

केस साधीच होती. एक बाई शिलाईचं दुकान चालवते, जागा भाड्याची. मालकाला जागा स्वतःच्या कामासाठी हवी. दावा लावायच्या तीस दिवस आधी भाडेकरूला नोटीस पोचली पाहिजे, असा त्या केसपुरता नियम. मालकाची बाजू तोफेकडे, शिंपीणबाईंची काकांकडे. दोघांना एकसारखी चौसष्ट पानांची फाईल मिळाली. तोफेनं त्या रात्री घरी गेल्या गेल्या दोरा सोडला, पानं पलंगभर पसरली आणि आरशासमोर असा काही युक्तिवाद केला, की आई स्वयंपाकघरातून ओरडली, "अगं, दे त्या मालकाला जागा आणि झोप आता!"

परीक्षेच्या संध्याकाळी तोफेला दुकानातून निघायला उशीर झाला. धावत जिना चढताना पाय अडखळला आणि न बांधलेली फाईल हातातून उडाली. चौसष्ट पानं जिनाभर! कंडक्टरनं आणि नर्सताईंनी मिळून गोळा करून दिली, पण क्रम कोण लावणार? वर घंटा झाली होती. पानांवर आकडेही नव्हते. काकांनी चारदा सांगितलं होतं.

वर्गात शिक्षकांच्या टेबलामागे परीक्षक बसल्या होत्या. निवृत्त न्यायाधीश, पांढरे केस, सुती साडी, आणि ऐकायची सवय असलेला चेहरा. शेजारी सर गुणांचा कागद घेऊन. मधोमध फरशीवर सरांनी खडूनं एक रेघ मारली होती. रेघेच्या या बाजूला मालक, त्या बाजूला भाडेकरू.

"बोलताना कुणीही रेघ ओलांडायची नाही," सरांनी बजावलं. "ओलांडली की दहा गुण गेले. मागच्या वर्षी दोघं अंगावर धावून गेले होते."

तोफेनं सुरुवात केली. बत्ती लागली होती. मालकाची गरज, जागेचा करार, नोटिशीचा मसुदा, सगळं धडाधड येत होतं. काका रेघेपलीकडे ताठ उभे होते. समोर फाईल, दोऱ्याची गाठ सुटलेली, पानं चौकोनी विटेसारखी रचलेली.

"थांबा," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "नोटीस पाठवलीत, ते दिसलं. ती पोचली कशावरून?"

"पोचपावती आहे, बाई. फाईलमध्येच आहे."

"दाखवा."

तोफेनं पानं चाळायला घेतली. करार आला, नकाशा आला, करार परत आला. तिनं गठ्ठा उलटा केला. नकाशा परत आला. खोलीत फक्त कागदांची सळसळ. इतका वेळ ती आयुष्यात कधी गप्प राहिली नव्हती. "एक मिनिट, बाई," ती पुटपुटली, आणि ते मिनिटही संपलं.

आणि तेवढ्यात तिच्या समोर एक पान आलं.

नीट सरळ धरलेलं. वरच्या उजव्या कोपऱ्यात शाईनं एक्केचाळीस. सहीच्या ओळीखाली एक बोट, नख कापलेलं, शाईचा जुना डाग असलेलं. तिनं मान वर केली. काका तिच्या शेजारी उभे होते. रेघेच्या अलीकडे.

आधी मागून कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळा वर्ग. एकतीस वर्षं हा माणूस कोर्टात उभा राहिला होता. वकील चाचपडायला लागला, की दोन पावलं पुढं व्हायचं आणि पान ठेवायचं. पाय आपले निघाले. पायांना कुठे ठाऊक, की आज आपणच वकील आहोत, आणि चाचपडतोय तो विरुद्ध पक्ष आहे!

सरांनी कपाळाला हात लावला आणि कागदावर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं, ते सगळ्यांना माहीत होतं.

तोफेच्या हातात पान होतं. त्यावर शिंपीणबाईची सही होती आणि तारीख होती. दाव्याच्या बेचाळीस दिवस आधीची. हे वाचलं, की काकांच्या हातात होता तो एकमेव भक्कम मुद्दा गेला. न वाचता 'सापडत नाही, बाई' म्हटलं, तर काका कदाचित तरतील. दहा गुण तर गेलेच होते. तिनं काकांकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं होतं.

"वाच, बाळ," काका हलक्या आवाजात म्हणाले. "कोर्ट थांबलंय."

आणि ते रेघ ओलांडून आपल्या जागी परत गेले.

तोफेनं वाचलं. शपथ घेतली होती ना. सही वाचली, तारीख वाचली, दिवस मोजून दाखवले. "माझं म्हणणं संपलं," असं म्हणून ती खाली बसली, तेव्हा त्या इवल्या बाकात ती पुरती मावली.

काकांची पाळी आली. ते उभे राहिले.

"माननीय न्यायालय," ते म्हणाले.

मग काही नाही. ओठ हलत होते. नजर फुलपाखरांवर गेली. एक मिनिट झालं, दुसरं झालं. सरांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. नर्सताईंनी डोळे मिटून हात जोडले. तोफेला वाटत होतं, आपली जीभ उपटून या माणसाला उसनी द्यावी.

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. "किती वर्षं कारकून आहात?"

"एकतीस, बाई." हे मात्र चटकन आलं.

"वाटलंच. खुर्चीवर बसून आम्ही काय तेवढं वकिलांचं तोंडच बघतो असं नाही. त्यांच्या हातात पान कुठून येतं, तेही दिसतं." त्या जरा पुढे झुकल्या. रोज शंभर वेळा विचारून गुळगुळीत झालेला प्रश्न त्यांनी तसाच सहज विचारला. "बरं, या शिवणवाल्या बाईची केस पुकारली आहे. हिच्या बाजूनं कुणी आहे का?"

तोफेनं चमकून वर पाहिलं. बाईंना म्हातारीची गोष्ट माहीत असणं शक्य नव्हतं. पण देव कुणाच्या तोंडून काय विचारील, सांगता येत नाही.

काकांची नजर फुलपाखरांवरून खाली आली.

"आहे, बाई," ते म्हणाले. "मी आहे."

आणि कुलूप निघालं. आवाज मोठा नव्हता. घरात कुणाला समजावून सांगावं तसा होता. "नोटीस तिला पोचली. सही तिचीच आहे, तो मुद्दा मी सोडला. मालकाला जागेची गरज आहे, पान बावन्नवर दिसतंच. त्यावरही मी भांडत नाही. मला एकच मागायचंय. वेळ."

"किती?"

"सहा महिने."

"कशासाठी?"

"बाई, हुकूम झाला की वकील घरी जातात. पुढचं कारकून बघतो. जागा रिकामी करायला आलेल्या बेलिफाबरोबर सामानाची यादी करायला मी किती दुकानांत गेलोय. आपण लिहितो, शिलाई मशीन दोन, कपाट एक, आरसा एक. पण अर्धवट शिवलेल्या कपड्याला त्या यादीत रकानाच नसतो. कापड गिऱ्हाइकाचं, टाके हिचे, मग तो कुणाच्या नावावर लिहायचा? एकदा एका दुकानात बाह्या लावायच्या राहिलेला लहान मुलीचा झगा होता. बेलीफ म्हणाला, चिंध्या लिहा. मी लिहिलं, बाई. मला लिहावं लागलं."

काकांनी फाईलमधलं एक पान वर घेतलं.

"पान सत्तावीस. तिच्या हातात आज ऐंशी कपडे आहेत. ते पुरे व्हायला दोन महिने. नवी जागा शोधायला दोन. आणि गिऱ्हाईक जुन्या दारात येऊन परत जाऊ नये, म्हणून पुढचे दोन. कायद्यानं मुदत द्यायचा अधिकार आपल्याला आहे. जागा मालकाची, ती त्याला मिळू दे. पण धंदा हिचा आहे, तो हिच्याबरोबर चालत बाहेर पडावा. रस्त्यावर फेकला जाऊ नये. एवढंच."

ते बसले. अकरा मिनिटं झाली नव्हती. चार झाली होती.

न्यायाधीशबाई तोफेकडे वळल्या. "मालकाच्या वकिलांना काही म्हणायचंय?"

काय म्हणायचं होतं? तिला उठून त्या माणसाच्या पाया पडायचं होतं. पण रेघेपलीकडून काका तिच्याकडे डोळे वटारून बघत होते, आणि ते कशासाठी बघताहेत हे तिला बरोबर कळलं.

"हरकत आहे, बाई," ती उभी राहून म्हणाली. "सहा महिने फार होतात. मालकाचंही काम अडलंय. चार द्यावेत."

काकांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं, ते स्वतः बोलतानाही दिसलं नव्हतं.

"पाच," न्यायाधीशबाई म्हणाल्या आणि चष्मा घातला. "जागा मालकाला. बाईंना पाच महिने."

निकाल आठव्या दिवशी लागला. सूचनाफलकाभोवती गर्दी होती. तोफ कोपरं मारत पुढे घुसली. स्वतःचे एकाहत्तर बघितले न बघितले आणि बोट खाली सरकवत नेलं. काका: बावन्न.

"पास!" ती अशी ओरडली की खालच्या मजल्यावरचा चौकीदार वर आला.

मग तिला तिथे उभे असलेले सर दिसले. "सर, बावन्नच? त्यांचं ऐकून तुम्ही स्वतः डोळे पुसत होतात, मी पाहिलंय!"

"बाईंनी बासष्ट दिले होते," सर ओशाळून म्हणाले. "रेघेचे दहा गेले."

"हा अन्याय आहे. मी अर्ज करते. आत्ता लिहिते!"

"कर की," मागून काका म्हणाले. ते कधी आले ते कुणाला कळलं नव्हतं, नेहमीसारखंच. "पण रेघ ओलांडायची परवानगी कुठल्या पानावर आहे, तेवढं आधी दाखव."

"काका!"

"दंड बरोबर आहे. आणि दोन गुण जास्तच आलेत. मला पन्नास पुरले असते."

दोघं जिना उतरायला लागले. पायरीवर राहिलेली कुणा लहानग्याची पाण्याची बाटली काकांनी उचलून खिडकीत ठेवली. तोफ तीन पायऱ्या गप्प होती. चौथीवर तिला राहवलं नाही.

"एक खरं सांगा. ते पान तुम्ही सवयीनं दिलंत, की मुद्दाम?"

काका थांबले. कठड्यावर हात ठेवून त्यांनी पुरेसा वेळ घेतला.

"पाय सवयीनं निघाले," ते म्हणाले. "रेघेपाशी आलो तेव्हा कळलं, की अरे, ही तर समोरची बाजू."

"मग परत का नाही फिरलात? कुणाला कळलंही नसतं."

"परत फिरलो असतो, तर ते मुद्दाम झालं असतं, बाळ."

तोफेनं पिशवीतून आपली फाईल काढून त्यांच्या हातात दिली. चौसष्ट पानं, क्रमानं, प्रत्येकावर वरच्या उजव्या कोपऱ्यात शाईचा आकडा. परीक्षा संपल्यावर घालून आता उपयोग काय, असं आईनं विचारलं होतं, आणि पोरीनं उत्तर दिलं नाही म्हणून तिच्या कपाळाला हात लावून ताप बघितला होता.

काकांनी फाईल उलटी धरली, हलवली. सुटली नाही. मग दोऱ्याचं टोक ओढलं. एका ओढीत सुटली.

"उद्या साडेदहाला ये," ते म्हणाले. "वकिलीची सनद यायला मला अजून वेळ आहे, तोवर मी कारकूनच. साहेबांना शिकाऊ माणूस हवाय. मी सांगून ठेवलंय, की पोरगी बोलते फार, पण पान दिलं तर वाचते."

"आणि तुमची सनद आल्यावर?"

"मग साहेबांना नवा कारकून शोधावा लागेल," काका म्हणाले आणि फाईल तिच्या हातात परत देत पुढे झाले. "एकोणीस नंबरचा आकडा पुसट आलाय. परत काढ."